पारनेरहून मुळशीला

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या शाळेत दरवर्षी १२ नोव्हेंबरला सेनापती बापट यांची जयंती होत असे. दिवाळीची सुट्टी लागलेली असली, तर ती शाळा उघडल्यावर होई. तसबिरीला झेंडूचा हार, एक नारळ, दोन उदबत्त्या आणि मग मुलांची भाषणे. आठवीत असताना मीही भाषण केले होते. गुरुजींनी लिहून दिलेले दीड पान मी घडाघडा पाठ म्हटले आणि मला बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. त्या भाषणात एक वाक्य असे होते की, सेनापतींनी मुळशी सत्याग्रहाचे नेतृत्व केले. हे वाक्य मी चांगल्या खणखणीत आवाजात म्हटले. पण मुळशी कोठे आहे, तेथे कशासाठी सत्याग्रह झाला, हे मला ठाऊक नव्हते. मला वाटे, मिठाचा जसा झाला तसाच तोही झाला असेल.

आम्ही पारनेर तालुक्यातले. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १८८० साली पारनेरलाच झाला. त्यामुळे ते आमचे, असा आम्हां सर्वांचाच एक हक्काचा भाव असतो. यंदा वार्षिक अंकासाठी काही लिही, असे आमच्या इतिहासाच्या सरांनी सांगितले, तेव्हा मी लगेच सेनापतींचे नाव घेतले. मनात म्हटले, दीड पान तर पाठच आहे! सर हसले आणि त्यांनी ग्रंथालयातून राजेंद्र व्होरा यांचे मुळशी सत्याग्रहावरचे पुस्तक काढून दिले. ते मी वसतिगृहात नेऊन रात्री उघडले आणि पहिल्या काही पानांतच मला कळले की, मुळशीचा सत्याग्रह हा धरणाविरुद्धचा सत्याग्रह होता.

वाचक मित्रहो, तुम्हांला यात विशेष काही वाटणार नाही. पण मला धक्का बसला, हे खरे आहे. कारण आमच्याकडे धरण म्हणजे देव. माझ्या वडिलांच्या गावाला कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाचे पाणी येते. येते म्हणजे आले तर येते. लहानपणी उन्हाळ्यात टँकरमागे कळशी घेऊन मी कितीदा धावले असेन, त्याचा हिशेब नाही. कालव्याला पाणी सुटले की गावात सणासारखे वातावरण असते. अशा तालुक्यात जन्मलेला माणूस धरण होऊ नये म्हणून सात वर्षे तुरुंगात बसतो, ही गोष्ट माझ्या गळी उतरेना. म्हणून मी ते पुस्तक आणि आणखी काही पुस्तके वाचून काढली. त्यांतून मला जे बापट दिसले, ते येथे लिहिते.

बापटांचे घर बेताचे. मुलगा मात्र विलक्षण हुशार. नगरहून मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तेथेच तरुण वयात त्यांनी देशासाठी आयुष्य वाहण्याची शपथ घेतली. पुढे मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे यंत्रविद्या शिकण्यासाठी गेले. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हा माणूस यंत्राला भिणारा नव्हता. वाफ, चक्र, पाण्याचा दाब या गोष्टी त्याने परदेशात जाऊन, पैसे नसताना, हट्टाने शिकायला घेतल्या होत्या. मुळशीला विरोध करणारे म्हणजे अडाणी, प्रगतीचे शत्रू असे ज्यांना म्हणायचे असेल, त्यांनी सेनापतींपुरते तरी ते म्हणू नये.

शिक्षण काही पुरे झाले नाही. एडिंबरोत त्यांनी हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याविषयी सडेतोड भाषण केले आणि त्यापायी शिष्यवृत्ती गेली. (शिष्यवृत्ती जाणे म्हणजे काय, हे आमच्या वसतिगृहातल्या कोणालाही विचारा. एखादा हप्ता लांबला तरी आमची झोप उडते.) मग ते लंडनला शामजी कृष्णवर्मांच्या इंडिया हाऊसमध्ये आले. तेथे सावरकरांची गाठ पडली. तेथून पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब तयार करण्याची विद्या त्यांनी मिळवली आणि १९०८ साली ती घेऊन ते मायदेशी परतले. बंगालमधील अलीपूर खटल्यात माफीच्या साक्षीदाराने त्यांचे नाव घेतले. मग चार वर्षे अज्ञातवास. १९१२ साली इंदूरला ते पकडले गेले, पण पुरावा नसल्यामुळे सुटले.

हा भाग सर्वांना माहीत असतो, कारण त्यात बॉम्ब आहे. आमच्या भाषणातही दीड पानापैकी एक पान यावरच होते. मला मात्र त्यापुढचा भाग अधिक आवडला. सुटून आल्यावर हा विलायत पाहिलेला माणूस पारनेरला घरी आला आणि त्याने हातात झाडू घेतला. पारनेरचे रस्ते, गटारे तो स्वतः झाडू लागला. त्या काळी ब्राह्मणाने हे काम करणे म्हणजे काय, याची आज कल्पना येणे कठीण आहे. मुलाच्या बारशाला त्यांनी पहिली पंगत बसवली ती अस्पृश्य मानलेल्या लोकांची. हा झाडू त्यांनी पुढे आयुष्यभर सोडला नाही. मुंबईला गेल्यावर त्यांनी झाडूवाल्या कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांचा संपही लढवला. मधल्या काळात पुण्याला वृत्तपत्रात नोकरी केली, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे काम केले, अंदमानातील राजबंद्यांच्या सुटकेसाठी सह्या गोळा करीत हिंडले. एका जागी स्थिर बसणे त्यांच्या कुंडलीतच नसावे.

आता मुळशी.

पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या अगदी कुशीत, मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यात मुळशी पेटा होता. पाऊस धो धो पडणारा, आणि जमीन अशी की तेथला आंबेमोहोर तांदूळ दूरवर नावाजलेला. तेथले शेतकरी म्हणजे मावळे. शिवाजीमहाराजांच्या सैन्यात ज्यांचे पूर्वज होते, ते. टाटांच्या कंपनीने या खोऱ्यात धरण बांधायचे ठरवले. खोपोलीला त्यांचे वीजकेंद्र १९१५ सालीच सुरू झालेले होते. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना आणखी वीज हवी होती. त्यासाठी मुळशीला पाणी अडवायचे, डोंगरातून बोगद्याने ते पश्चिमेला न्यायचे आणि कोकणात भिरा येथे उंचावरून खाली सोडून त्यावर वीज करायची, अशी ही योजना. त्यात ५० हून अधिक गावे बाधित होणार होती. १० हजारांवर माणसांच्या शेतांचा, घरांचा, देवळांचा आणि मसणवट्यांचा प्रश्न होता.

येथे मी थांबले आणि वहीत एक नकाशा काढून पाहिला. मुळा नदी पूर्वेला वाहते. ती मुठेला मिळते, मग भीमेला, आणि भीमा पुढे कृष्णेला. म्हणजे हे पाणी आपोआप गेले असते, तर आमच्यासारख्या कोरड्या मुलखाच्या दिशेने गेले असते. धरणाने ते उलटे फिरवून पश्चिमेला नेले. वीज काढून झाली की ते पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राकडे जाते. तेव्हा मुळशीचे धरण हे कोणाच्या सुकलेल्या शेताला पाणी पाजण्यासाठी बांधलेच नव्हते! माझा जो धरणाचा देव, तो हा नव्हे. आजही भीमेच्या खोऱ्यातले लोक हे पाणी पूर्वेला सोडावे अशी मागणी करतात. हे कळले तेव्हा मला जरा हायसे वाटले. सेनापती आमच्या बाजूचेच निघाले, असे वाटले. पण हे समाधान फार टिकले नाही. त्याचे कारण पुढे सांगते.

मुळशीच्या लोकांना धरणाची बातमी कोणी रीतसर येऊन सांगितली नाही. त्यांच्या शेतांत न विचारता चाचणीचे चर खणले गेले, तेव्हा त्यांना ती कळली. सरकारने १८९४ च्या कायद्याने जमिनी ताब्यात घेऊन कंपनीला द्यायचे ठरवले. त्या कायद्यात जमिनीची किंमत मिळण्याची सोय होती; जमिनीच्या बदल्यात जमीन मिळण्याची नव्हती. आणि पैसे तरी कोणाला? ज्याच्या नावावर जमीन, त्याला. मुळशीतल्या पुष्कळ जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. मावळा राबायचा, खंड भरायचा. पण कागदावर मालक दुसराच. म्हणजे पैसे सावकाराला आणि पाणी मावळ्याच्या घरात.

विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून लोकांना एकत्र केले. मुळशीचा पहिला पुढारी खरे पाहता हाच माणूस आहे, आणि आमच्या भाषणात त्याचे नावही नव्हते. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी हजाराहून अधिक मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. प्राण गेला तरी चालेल पण जमीन देणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. कोणी हात उगारला नाही. काम बंद पडले. कंपनीने सहा महिने काम थांबवण्याचे मान्य केले. मला वाटते, त्या दिवशी संध्याकाळी मुळशीच्या वाड्यावाड्यांत दिवाळीच झाली असेल.

पण काम डिसेंबरात पुन्हा सुरू झाले, आणि आता सरकारही तयारीत होते. धरपकड सुरू झाली. या दुसऱ्या लढ्यात बापट पुढे आले आणि याच लढ्यात लोकांनी त्यांना सेनापती ही पदवी दिली. ती कोणत्याही दरबारातून आलेली नाही. ज्याच्यापाशी सैन्य नाही, बंदूक नाही, दोन वेळच्या जेवणाची शाश्वती नाही, अशा माणसाला नांगरधऱ्या लोकांनी सेनापती म्हटले आणि पुढे त्याचे मूळ नावच मागे पडले. पुरुषांबरोबर बायकाही कामावर जाऊन बसल्या आणि तुरुंगात गेल्या. काळकर्ते शिवरामपंत परांजपे यांच्यासारखे नामांकित संपादकही मुळशीसाठी सहा महिने तुरुंगात जाऊन आले.

मात्र पुण्यातला उत्साह हळूहळू ओसरत गेला, हेही लिहिले पाहिजे. सावकार-जमीनमालकांना सत्याग्रहापेक्षा मोबदल्याचा आकडा महत्त्वाचा वाटू लागला. जो तो आपल्या जमिनीचा भाव वाढवून घेण्याच्या मागे लागला. पुढाऱ्यांनाही देशाच्या मोठ्या प्रश्नांपुढे ५० खेड्यांचा प्रश्न लहान वाटू लागला. एकेक घर पैसे घेऊन मोकळे होऊ लागले. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. भिंत रोज वर चढताना दिसत असेल आणि घरात पोरे असतील, तर माणूस किती दिवस नाही म्हणेल?

बापट मात्र नाहीच म्हणत राहिले. मुळशीसाठी ते तीनदा तुरुंगात गेले. तिसऱ्या वेळची हकीकत अशी. ९ डिसेंबर १९२४ रोजी त्यांनी आणि त्यांच्या पाच साथीदारांनी धरणाच्या कामावरची आगगाडी रुळावर दगड रचून अडवली. बापटांच्या हातात पिस्तूल होते, इतरांपाशी तलवारी होत्या. मग पळून न जाता त्यांनी स्वतःला पकडू दिले. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले.

या प्रसंगापाशी मी पुष्कळ अडखळले. हा काही शांततेचा मार्ग नव्हे. पहिल्या रामनवमीला जे मावळे हात बांधून बसले, त्यांच्या सत्याग्रहाशी हे जुळत नाही, आणि यामुळे चळवळीचे बळ वाढले असेही दिसत नाही. धरण थांबले नाही. सरांनी मला विचारले, की मग त्यांनी असे का केले असावे? मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. आता वाटते की, तोवर ऐकणारे कोणी उरलेच नव्हते. तीन वर्षे माणसे उन्हातान्हात बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली, आणि भिंत वाढतच होती. अशा वेळी एकटा उरलेला माणूस काहीतरी असे करतो की निदान नोंद तरी होईल. ते बरोबर होते असे मी म्हणत नाही. पण शिक्षा चुकवण्याची धडपड त्यांनी केली नाही. दगड रचले आणि त्याचे मोल स्वतःच्या सात वर्षांनी चुकते केले.

या सात वर्षांचा विचार माझ्या मनातून जात नाही. १९२४ च्या अखेरीस ते आत गेले. १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. म्हणजे ज्यासाठी तुरुंगवास पत्करला, ती गोष्ट हरून गेली. मुळशी पाण्याखाली गेली, मुंबईत दिवे लागले, गिरण्या फिरू लागल्या, आणि हा माणूस तिकडे सिंधच्या वाळवंटी मुलखात आणखी चार वर्षे शिक्षा भोगत राहिला. १९३१ साली सुटून बाहेर आला, तेव्हा ज्या शेतांसाठी तो आत गेला होता, त्यांच्यावर अथांग पाणी पसरलेले होते. जिंकलेल्या लढाईच्या सेनापतीचे पोवाडे होतात. हरलेल्या लढाईची शिक्षा, ती हरल्यानंतरही भोगत बसलेल्या सेनापतीविषयी आमच्या दीड पानात एक ओळही नव्हती.

त्यापुढचे आयुष्य मी थोडक्यात सांगते, कारण ते सांगू लागले तर हा अंक पुरायचा नाही. महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्षपद, पुन्हा भाषणाबद्दल तुरुंग, १९३७ साली सुटका, सुभाषबाबूंचा फॉरवर्ड ब्लॉक, निजामी राज्यातला सत्याग्रह. योगी अरविंदांच्या ग्रंथांचे त्यांनी मराठीत भाषांतर केले. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. इतर कोणी यानंतर विश्रांती घेतली असती. हे १९५५ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, नानासाहेब गोरे यांच्याबरोबर गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या हद्दीत शिरले! संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होतेच. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते वारले. आज पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. दोन्ही रस्त्यांवर उंच उंच इमारती आहेत आणि रात्री त्या विजेने नुसत्या लखलखत असतात.

आता मघाशी अर्धवट सोडलेली गोष्ट. मुळशीचे पाणी शेतीसाठी नव्हते, म्हणून सेनापतींचा विरोध मला पटला, असे मी म्हटले. पण शेतीसाठी असते तर?

ही गोष्ट माझ्या घरातलीच आहे. माझ्या वडिलांचे गाव कालव्याच्या टोकाला. माझ्या आईचे माहेर मात्र मूळचे इकडचे नव्हे. ते मावळतीकडे डोंगरात होते आणि ते एका धरणात गेले. ज्या धरणाचा कालवा आमच्याकडे येतो, त्याच धरणात. कालव्याच्या लाभक्षेत्रात धरणग्रस्तांना जमिनी द्यायच्या, या नियमाने माझे आजोबा आजीला आणि पोरांना घेऊन ट्रकमध्ये भांडीकुंडी, कणग्या आणि गावदेवीचा तांदळा घालून इकडे आले. माझी आई नंतर येथेच जन्मली. गावातल्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून या लोकांना दिल्या, ते चिडलेले होते. बरीच वर्षे या वस्तीला कोणी नावाने हाक मारीत नसे, धरणवाले एवढेच म्हणत. आजोबांना जी जमीन दाखवली, ती एका गटात आणि कागदावर आली ती दुसऱ्या. तो कागद दुरुस्त व्हावा म्हणून ते कचेरीचे उंबरे झिजवीत राहिले आणि कागद दुरुस्त होण्याआधी वारले. माझ्या आईवडिलांचे लग्न ठरले, तेव्हा वडिलांच्या भावकीतल्या काही जणांनी धरणवाल्यांची पोर नको म्हणून पंगतीवर बहिष्कार घातला होता. अशा घरात मी जन्मले. एका बाजूचे आजोबा कालव्याचे पाणी आले म्हणून नारळ फोडीत आणि दुसऱ्या बाजूची आजी त्याच पाण्याकडे पाहून गप्प होई.

आमच्या आईने मला सांगितले आहे की, आजोबांच्या गावात कोणी सेनापती आला नव्हता. एक साहेब आला होता, त्याने दगडांवर चुन्याने खुणा केल्या आणि पाणी कोठवर येईल ते सांगितले.

मग मी मनातल्या मनात सेनापतींना आमच्याकडे बोलावून पाहिले. ते आईच्या माहेरी गेले असते, की वडिलांच्या गावी? पारनेरची तहान त्यांना ठाऊक होती. ते तिथलेच होते. मुळशीची माती त्यांनी पाहिली होती. मला वाटते, ते आधी झाडू घेऊन धरणवाल्यांची वस्ती झाडायला गेले असते. आणि झाडता झाडता आमच्या वडिलांच्या भावकीला त्यांनी चार शब्द ऐकवले असते. पण धरण होऊ द्यावे की नाही, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात मला सापडले नाही. आमच्या तालुक्यातच राळेगणसिद्धीसारख्या गावाने पावसाचे पाणी जागच्या जागी अडवून, जिरवून दाखवले, हे मला माहीत आहे. तसे सगळीकडे झाले असते तर कदाचित आजोबांचे गाव राहिले असते. कदाचित. आमच्या सरांचे म्हणणे असे, की मोठ्या शहरांना वीज आणि पाणी लागणारच, ते कोठून तरी आणावेच लागणार. तेही खोटे नाही. हा लेख मी वसतिगृहात विजेच्या दिव्याखालीच लिहीत आहे.

एवढे मात्र मला दिसले. मुळशीच्या वेळी फक्त १८९४ चा कायदा होता. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. १८९४ चा कायदा जाऊन भूमीसंपादनाचा नवा कायदा देशात २०१४ साली लागू झाला. मुळशीच्या रामनवमीपासून मोजले तर पहिल्याला ५५ वर्षे लागली आणि दुसऱ्याला ९३. आजोबांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली, मग ती चुकीच्या गटात का असेना. मुळशीच्या कुळाला तेवढीही मिळाली नव्हती. या कायद्यांच्या मागे पुढच्या पुष्कळ धरणग्रस्तांच्या चळवळी आहेत, पण त्या सर्वांच्या आधी मुळशी आहे. व्होरा यांच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातच, ही जगातली पहिली धरणविरोधी चळवळ होती, असे म्हटले आहे. पहिली असो की दुसरी, पण ती कोणा मोठ्या विद्वानाने सुरू केली नाही. शेतात न विचारता चर खणला, म्हणून चिडलेल्या भातकऱ्यांनी ती सुरू केली.

दिवाळीत मी एक दिवस मैत्रिणीबरोबर मुळशीला जाऊन आले. पौड सोडले की गाडी डोंगरात शिरते आणि थोड्या वेळाने झाडांमधून पाणी दिसू लागते. खरे सांगते, फार सुंदर दिसते. गाडीतले लोक मोबाइलवर फोटो काढत होते. मीही एक काढला. काठाने बंगले आणि हॉटेले झाली आहेत. पाण्याकडे पाहून खाली गावे होती असे कोणाला वाटणार नाही.

तो फोटो मी घरी गेल्यावर आजीला दाखवला. तिला लिहितावाचता येत नाही. मी कॉलेजात जाते म्हणजे नेमके काय करते, हेही तिला फारसे उमगत नाही. मी तिला सेनापतींची सगळी गोष्ट सांगितली. बॉम्ब, इंदूर, अंदमान हे तिने निमूटपणे ऐकून घेतले. मुळशीची गोष्ट आली तेव्हा ती सरसावून बसली. तिने विचारले, की तिथले लोक मग गेले कोठे? मी सांगितले, काही पाण्याच्या कडेने वर डोंगरात सरकले, काही पुण्या-मुंबईकडे गेले. तिने विचारले, तिथे भात कोणता होत होता? मी म्हटले, आंबेमोहोर. यावर आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने तिच्या बुडालेल्या गावच्या खाचरांची नावे एकेक करून सांगायला सुरुवात केली, आणि मी वही काढून ती लिहून घेतली. ती २३ भरली.